थेंबाची वेळ

१९६१ च्या नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मालवणातल्या आमच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात पहिल्या पानाची गॅली जमिनीवर पडली. जुळवलेल्या शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, ओळी ज्या लांबट थाळीत रचून ठेवतात तिला गॅली म्हणतात. तीत दोन कॉलम मजकूर तयार होता. खिळे दरवाजापासून छपाईच्या मशीनच्या पायापर्यंत पसरले. गॅली पडली ती मुख्य कंपोझिटर तातोबा मिठबावकर यांच्या उजव्या खांद्याचा धक्का लागून.

ते लगेच वाकले नाहीत. गॅली ज्या घडवंचीवर होती तिच्याकडे त्यांनी पूर्ण मान वळवून पाहिले आणि विचारले, "ही घडवंची हंय कोणी आणून ठेवल्यान?"

घडवंची त्या जागी नऊ वर्षे होती. सुताराकडून ती तिथे बसवून घेतली होती तातोबांनीच.

तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. सोळा दिवसांनी कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, तेव्हा उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि डाव्यात नजरेचा मधला एक तुकडा शिल्लक होता. पुढची तीन वर्षे त्या तुकड्याची आहेत. मी त्या साप्ताहिकात १९५२ पासून १९६४ पर्यंत बातमीदार होतो. जे स्वतः पाहिले, किंवा तातोबांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या तोंडून ऐकले, तेवढेच इथे आहे.

तातोबा बुटके, रुंद खांद्यांचे होते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे शिशाने कायमची काळी पडलेली. टोपी दरवाजामागच्या एका ठरावीक खिळ्यावर. पान-तंबाखू नाही; शाईत थुंकी मिसळते, असे त्यांचे म्हणणे. मराठी खिळ्यांना साडेतीनशेच्या वर खण लागतात, म्हणून कंपोझिटरच्या समोर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा केसी, म्हणजे खणांच्या पेट्या, मांडलेल्या असतात. तातोबा मधे उभे राहत. डोळे हस्तलिखितावर आणि हात तीन दिशांना. तेवीस वर्षांत कोणता खण कुठे हे त्यांना पाहावे लागले नव्हते. त्यांची बाजूची नजर गेली तेव्हा छापखान्यात कोणाला ते कळले नाही, त्यांनाही नाही, याचे कारण हेच असावे. हाताला ती नजर लागतच नव्हती.

खिळ्यांशी त्यांचा संबंध घरच्या माणसांसारखा होता. आमच्याकडे 'ळ' नेहमी कमी पडायचा. तो संपला की ते माझ्या टेबलापाशी येत.

"बातमीदारानु, 'ळ' संपले. नारळाचे भाव पुढच्या आठवड्यात घेवया."

"मग या आठवड्यात काय?"

"काजू घेया. काजूक 'ळ' लागणा नाय."

कामाचा त्यांचा एकच नियम होता. "कॉपीत आसा ता लावूचा." कागदावर जे लिहिले आहे ते जुळवायचे, त्यात आपले काही घालायचे नाही आणि त्यातले काही काढायचे नाही. एकदा मालकांनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, एका व्यापाऱ्याच्या निधनाची बातमी घाईत लिहिताना मृताऐवजी त्याच्या धाकट्या भावाचे नाव लिहिले. तातोबांनी ते तसेच जुळवले, प्रूफ काढले आणि ते मालकांपुढे ठेवून म्हणाले, "मालकानु, तुमी ज्येंका मारल्यात ते सकाळी बाजारात बांगडे घेत होते."

"मग नाव बदललं का नाहीस?"

"कॉपीत होता."

आणखी एक सवय होती, आणि पुढे जे झाले त्यात तिचा वाटा मोठा आहे. सकाळी आल्यावर, चहाच्या आधी, ते छापखान्यातला सर्वांत बारीक टाइप घेत, त्याची एक ओळ जुळवत, खिडकीपाशी धरत आणि वाचत. खिळ्यावर अक्षर उलटे असते. कंपोझिटरला ते तसेच वाचता येते. वाचून झाले की ओळ मोडत आणि म्हणत, "डोळे शाबूत आसत. चाय आणा." हा रिवाज त्यांनी वडिलांचे डोळे गेल्यानंतर सुरू केला होता.

वडील मिठबावला शेती करत. त्यांचे डोळे साठीत गेले. दुखले नाहीत, लाल झाले नाहीत. आधी ते बांधावरून खाली पडू लागले, मग दारात उभ्या माणसाला आवाज दिल्याशिवाय ओळखेनात, मग ओटीवर बसून राहिले. आजोबांचेही तसेच झाले होते. घरात त्याला कोणी रोग म्हणत नसे. "आमच्यात म्हातारपणी डोळे जातत," असे तातोबा सांगत, जसे एखादा सांगेल की आमच्यात केस लवकर पिकतात. त्यांच्या डोक्यात त्याचा हिशेब मात्र पक्का होता. "बापाशीचे साठीत गेले. माजी साठ होवक सात वर्सा आसत." दर वाढदिवसाला त्यातले एक वर्ष ते कमी करत. त्यांना भीती होती ती साठीची. त्रेपन्नाव्या वर्षाची भीती बाळगायचे त्यांना सुचले नाही.

मागे वळून पाहता खुणा दोन वर्षे आधीपासून होत्या. १९५९ च्या सुमारास बाजारात बोलले जाऊ लागले की तातोबांना गर्व झाला आहे. रस्त्यात नमस्कार केला तरी ओळख देत नाहीत. एका शिक्षकाने छापखान्यात येऊन मालकांकडे तक्रारच केली. तातोबांनी ती केसीपाशी उभे राहून ऐकली.

"मास्तरानु, तुमी खंयच्या बाजून नमस्कार केल्यात?"

"बाजूचा काय संबंध? मी पिंपळाखाली उभा होतो."

"म्हणजे उजव्या. मगे समोर येवन करूक व्हयो होतो."

सगळे हसले. शिक्षकही हसले. तातोबा हसले नाहीत, पण ते कधीच फारसे हसत नसत.

घरी दुसरी खूण होती. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, ताटाच्या उजवीकडे कुळथाच्या पिठीची वाटी ठेवत. तातोबा पिठी न खाता उठू लागले. वहिनींना वाटले, वयाबरोबर आवड बदलली. त्यांनी पिठी करणे सोडले. दोन महिन्यांनी तातोबांनी विचारले, "तू हल्ली पिठी करूची सोडलंस काय गो?" यावर घरात जे भांडण झाले ते दोघांनीही मला वेगवेगळे सांगितले, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

१९६० च्या पावसाळ्यात त्यांनी मला सांगितले की उजव्या डोळ्यात धुके येते.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवूचा काय तेच्यात? मोती पडलो. पिकांदे."

हे ते स्वतःच्या मनाने बोलत नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्या साप्ताहिकात जवळच्या गावी होणाऱ्या मोफत नेत्र-शस्त्रक्रियांची सूचना आली होती. तीत एक ओळ होती, "मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच यावे." ती ओळ तातोबांनी जुळवली होती. सूचना देणाऱ्यांनी ती मोतीबिंदूच्या रोग्यांसाठी लिहिली होती आणि त्या काळच्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ती बरोबर होती. तातोबांनी ती आपल्या डोळ्याला लावली. छापलेले पाळायचे असते, असा त्यांचा समज होता. ते पिकण्याची वाट पाहत राहिले. सोळा महिने त्यांनी वाट पाहिली. रोज सकाळी बारीक ओळ वाचून चहा मागवत राहिले.

नोव्हेंबरात गॅली पडल्यावर मालकांनी त्यांना कोल्हापूरला पाठवले. सोबत मी गेलो. एसटीने कणकवली, मग फोंडाघाट. तातोबा खिडकीशी बसले होते. घाटात वळणावर समोरून गाडी आली की ते दचकत. ती त्यांना अगदी तोंडावर आल्यावर दिसत होती. प्रत्येक वेळी म्हणत, "ही खंयसून इली?"

डॉक्टरांनी त्यांना आडवे झोपवून डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले आणि बुबुळावर एक लहान उपकरण ठेवून डोळ्यातला दाब मोजला. मग भिंतीवरच्या काळ्या कापडासमोर खुर्चीत बसवले. कापडाच्या मध्यावर पांढरा ठिपका होता. तातोबांनी एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचे. डॉक्टर काळ्या काठीच्या टोकाचा पांढरा मणी कापडाच्या कडेने आत आणणार. तो दिसला की सांगायचे.

आधी डावा डोळा. मणी वरच्या कोपऱ्यातून निघाला. तातोबा गप्प. मणी कापडाच्या निम्म्यावर आला. तातोबा गप्प. मी मागे बसलो होतो आणि मला मणी सारखा दिसत होता. ठिपक्यापासून चार बोटांवर आला तेव्हा ते म्हणाले, "दिसला."

दुसऱ्या कडेने, तिसऱ्या कडेने तसेच. उजव्या डोळ्याच्या वेळी मणी ठिपक्याला टेकला तरी ते काही बोलले नाहीत. त्यांना ठिपकाच दिसत नव्हता.

डॉक्टरांनी कागदावरची वर्तुळे पेन्सिलीने काळी केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"हे काळं आहे ते गेलं?" तातोबांनी विचारले. डॉक्टरांशी ते छापील मराठीत बोलत होते.

"गेलं. ते परत येणार नाही."

"आणि पांढरं?"

"तेवढं आहे. ते राखायचं. हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. मोतीबिंदू थांबू देतो. हा थांबू देत नाही."

"पण डॉक्टरसाहेब, मी सर्वांत बारीक टाइप वाचतो. रोज सकाळी." त्यांनी खिशातून दोऱ्याने बांधलेली खिळ्यांची एक ओळ काढली. ती त्यांनी कधी खिशात घातली ते मला माहीत नव्हते. डोळ्याजवळ धरून त्यांनी ती अडखळल्याशिवाय वाचली आणि डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टरांनी ती पाहिली. "हे मलाही वाचता येत नाही."

"उलटं असतं."

"तातोबा, हा रोग कडेने कुरतडत येतो. मधली नजर सगळ्यात शेवटी घेतो. तुम्ही रोज तपासलंत ते नेमकं मधलं. तेवढ्यावर थांबलात." मग त्यांनी वडिलांबद्दल विचारले, आजोबांबद्दल विचारले आणि ते लिहून घेतले. घरात हा आजार असताना एवढा दाब, इतका उशीर आणि एक डोळा आधीच गेलेला; अशा माणसाचा दुसराही जाण्याचा धोका फार मोठा असतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. "आता सगळं थेंबांवर आहे. दिवसातून चार वेळा. एकही वेळ चुकवायची नाही. दुखत नाही म्हणून लोक सोडतात. सोडलेत की पांढरं कमी होणार." शेवटी त्यांनी विचारले, "भाऊ किती?"

"एक. धाकटा. गोविंद. गावी शेती करतो. त्याला काही नाही."

"तुम्हालाही काही नव्हतं. त्याला घेऊन या."

परतीच्या गाडीत तातोबांनी तो कागद चार वेळा उघडला. घाट उतरल्यावर ते म्हणाले, "पांढरा किती आसा, बातमीदारानु? तुमका काय वाटता?" मी म्हणालो, लिंबाएवढे. त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "आवळ्याएवढा," ते म्हणाले, आणि कागद घडी करून टोपीत ठेवला.

थेंब सुरू झाले. त्या थेंबांनी डोळ्याची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. दाब उतरतो, पण उजेड कमी आत जातो. आमच्या छापखान्याला पूर्वेकडे दोनच खिडक्या होत्या. दुपारी दोननंतर, थेंब घातलेल्या डोळ्याने, तातोबांना खिळ्यावरचे अक्षर दिसेना. भुवईही दुखे.

जानेवारीत मला एक गोष्ट दिसली. शुक्रवार-शनिवारी त्यांची बाहुली टाचणीएवढी असे. मंगळवार-बुधवारी ती साध्या माणसाच्या बाहुलीसारखी दिसे. बुधवारी संध्याकाळी अंक छापला जाई आणि गुरुवारी गठ्ठे वेंगुर्ल्याला आणि खारेपाटणला जात. जुळणीचा सगळा भार मंगळवार-बुधवारचा होता.

"तातोबा, आज थेंब घातले?"

"घातले."

"बाहुली मोठी दिसते."

ते काही वेळ खिळे लावत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "थेंब घातले तर खिळो दिसणा नाय. खिळो दिसलो नाय तर माका हंय ठेवतलो कोण? आणि घरात बसान मी डोळो राखलंय, तर तो कित्याक राखलंय?"

मी मालकांना हे तीन आठवडे सांगितले नाही. तातोबांनी मला तसे सांगू नका म्हणून विनवले नव्हते. चौथ्या आठवड्यात सांगितले.

मालकांनी दोन गोष्टी केल्या. केसी हलवून खिडकीला लावल्या आणि तातोबांच्या घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता वहिनी छापखान्यात आल्या. तोवर तिथे कोणी बाईमाणूस कामाच्या जागेपर्यंत आलेले नव्हते. पदराला शाई लागू नये म्हणून त्यांनी तो कमरेला खोचला होता. हातात बाटली.

"मान वर करा."

"हंय? सगळ्यांसमोर?"

"माका सगळे दिसतत. तुमका दिसणत नाय तर लाजतास कित्याक?"

मशीनवरचा माणूस हसू दाबत मागे वळला. तातोबांनी मान वर केली. थेंब पडला. डोळा मिटून ते म्हणाले, "बघा, बातमीदारानु, आता ही माजी प्रूफं तपासतली."

"चुको आसत तर तपासूक व्हयीच," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या.

त्या रोज आल्या. बारा वाजता आणि चार वाजता. सकाळचा आणि रात्रीचा थेंब घरी. मार्चच्या तपासणीत दाब उतरलेला होता, पण काळ्या कापडावर मणी आता ठिपक्यापासून तीन बोटांवर दिसला. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत एक बोट गेले होते. डॉक्टरांनी कारण विचारले. तातोबांनी सगळे सांगितले, वारांसकट.

ऑगस्टमध्ये, थेंब नियमित चालू असताना, दाब पुन्हा चढला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, आणि तिचा धोकाही. एवढी कमी नजर उरलेल्या डोळ्यावर हात घातला तर असलेली नजर जाऊही शकते. नाही घातला तर ती नक्की जाणार. "पंधरा दिवसांत या."

सप्टेंबरपासून दिवाळी अंकाची जुळणी सुरू व्हायची होती. वर्षातले सर्वांत मोठे काम ते. मालकांनी सांगितले की अंक निघाला नाही तरी चालेल, तुम्ही जा. मालकांनी तसे म्हटले होते याला मी साक्षीदार आहे. तातोबा म्हणाले, दिवाळी झाल्यावर जातो.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. वहिनी चुलीपाशी होत्या आणि त्यांनी मागे न वळता विचारले, "अंक दर वर्सा येता. डोळो दर वर्सा येता काय?"

"धा आठवडे गो. धा आठवड्यांत काय जाता?"

"मार्चात बोट गेला."

"तेव्हा थेंब घालूक नाय होतंय."

"आता घालतास तरी दाब चढलो. डॉक्टरान तुमका पंधरा दिवस सांगल्यान. कॉपीत आसा ता लावूचा ना? मगे ह्या कित्याक लावणास नाय?"

तातोबांच्या पुढ्यात पिठीची वाटी होती, आता डाव्या हाताला. ती त्यांनी संपवली.

दिवाळी अंक वेळेवर निघाला. त्यातली चाळीस पाने तातोबांनी स्वतः जुळवली. शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली आणि दाब खाली आला. पट्टी सोडल्यावर तातोबांना डॉक्टरांचा चेहरा दिसला, पण कान दिसले नाहीत. त्या दहा आठवड्यांत किती गेले आणि शस्त्रक्रियेत किती, हे वेगळे काढता येत नाही, असे मी विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर ते फक्त मथळे जुळवत. सकाळची ओळ चालूच राहिली, पण टाइप दर काही महिन्यांनी एका मापाने मोठा होत गेला. ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. आम्हाला कोणता खण उघडला ते दिसत होते.

१९६३ च्या सुरुवातीला शस्त्रक्रियांची तीच सूचना पुन्हा आली, त्याच ओळीसह. तातोबांनी ती मागून घेतली आणि मोठ्या टाइपात स्वतः जुळवली. प्रूफ माझ्याकडे आले. "मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच यावे" या ओळीखाली आणखी एक ओळ होती, "तो मोतीबिंदूच आहे हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे, घरात कोणाचे डोळे गेले असल्यास थांबू नये."

मी हस्तलिखित पाहिले. ही ओळ त्यात नव्हती.

"तातोबा, हे कॉपीत नाही."

"नाय आसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणजे मान थोडी फिरवून माझा चेहरा तुकड्यात आणला. मी सूचना देणाऱ्यांना पत्र लिहून संमती मागितली. ती आली. ओळ छापली गेली.

१९६४ च्या जुलैत एका सोमवारी ते नेहमीच्या वेळी आले, टोपी खिळ्यावर अडकवली, सर्वांत मोठ्या टाइपाची ओळ जुळवून खिडकीपाशी गेले. बराच वेळ उभे राहिले. ओळ मोडली. प्रत्येक खिळा त्याच्या खणात परत टाकला, एकही चुकला नाही. मग म्हणाले, "चाय आणा." आधीचे शब्द ते बोलले नाहीत. महिन्याभरात ते आणि वहिनी मिठबावला राहायला गेले.

गोविंद त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. १९६१ पासून तातोबा त्याला कोल्हापूरला चल म्हणत होते आणि तो जात नव्हता. "दादा, माका बांधार चालताना कायेक अडचण नाय. पायाखालचो मुंगळो दिसता." तातोबा म्हणत, "माका बारीक खिळो दिसा होतो." यावर गोविंद हसून कामाला जाई.

१९६४ च्या डिसेंबरात तातोबांनी त्याला सांगितले की मला डॉक्टरांना दाखवायचे आहे, हात धरायला कोणीतरी पाहिजे. गोविंद निघाला. दवाखान्यात नाव पुकारल्यावर गोविंदने त्यांना खुर्चीपर्यंत नेले. तातोबांनी खुर्चीची पाठ चाचपली, बाजूला झाले आणि म्हणाले, "बस."

"मी?"

"तूच. माजा काय बघतले? माजा सगळा काळा आसा."

गोविंद बसला. त्याच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. काळ्या कापडावर एका डोळ्याची वरची कड किंचित गेली होती. बाकी सगळे शाबूत होते. दिवसातून तीन वेळा थेंब सांगितले. ही हकीकत मला गोविंदने सांगितली आणि तातोबांनी त्यात दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

तेव्हा मी मुंबईच्या एका दैनिकात होतो. १९६६ च्या जानेवारीत विजयदुर्गला कामासाठी आलो होतो, परतण्याआधी मिठबावला गेलो. वहिनी अंगणात होत्या. त्यांनी सांगितले की तातोबा मळ्यात आहेत. "दुपारचो थेंब गोविंद विसारता. दुखणा नाय ना. म्हणान हे जातत."

मळ्यात वायंगणी भाताची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाची, लावणी चालली होती. गोविंद गुडघाभर चिखलात होता. बांधावरून तातोबा येत होते. उजव्या हातात काठी, डावा हात सदऱ्याच्या खिशावर. बांध जिथे वळतो तिथे ते थांबले, काठीने कड शोधली आणि वळले. मी हाक मारली. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड केले.

"बातमीदारानु! किती वाजले?"

"बारा वाजून दहा मिनिटं."

"गोविंदा! धा मिनिटां जास्त झाली. ये हडे."

"दादा, हात चिखलान भरलेत. एवढी ओळ होवंदे."

"ओळ मगे. मान वर कर."

गोविंद चिखलातून बांधापाशी आला आणि त्याने मान वर केली. तातोबांनी काठी बांधावर ठेवली. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी आधी भावाची हनुवटी शोधली, मग गाल, मग खालची पापणी, आणि ती खाली ओढली. ती बोटे अजून काळी होती. डाव्या हातातल्या बाटलीतला पहिला थेंब गालावर पडला.

"गालार," गोविंद म्हणाला.

"गप रव. हलू नको."

दुसरा थेंब डोळ्यात पडला. मग दुसरा डोळा. तिथे पहिलाच थेंब बरोबर पडला. गोविंद डोळे मिटून उभा राहिला. तातोबांनी बाटलीचे बूच लावले आणि ती खिशात ठेवली.

बारा वाजून सोळा मिनिटे झाली होती.